किड्यांचा शेजार

बोरिवलीतली कुठलीही जुनी सोसायटी घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. फोडणीसाठी पानं तोडायला हात घालावा तर एका कोवळ्या पानावर पाखराची शीट पडलेली दिसते. काळपट, मध्ये पांढरा डाग, ओलसर चकाकणारी. बोटाने उडवायला गेलं की शीट हलते. डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुशिंगी काहीतरी बाहेर काढते, उग्र वास सोडते आणि पुन्हा गप्प पडून राहते.

ही बहुधा लिंबू-फुलपाखराची अळी. लहान असताना ती शीट बनून बसते, कारण शीट खायला कोणी येत नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. पंधरवड्यात कुंडीचा खराटा करून ती दिसेनाशी होते आणि घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो औषध मारायला हवं होतं, दुसरा म्हणतो पालवी पुन्हा फुटेल.

वाद चालू द्यावा. आपण दोन साधे प्रश्न घेऊ. हे फुलपाखरू तिसऱ्या मजल्यावर आलं कुठून? आणि आवारात शोभेची इतकी झाडं असताना त्याने अंडं घालायला नेमका कढीपत्ताच का शोधला? यांची उत्तरं नीट लावली की शेती, गोठे, मळे आणि इमारती यांनी आपल्या भागातल्या कीटकांचं काय केलं तेही बरंचसं उलगडतं. त्यासाठी आरेतल्या पाड्यापासून घाटकोपरकडच्या रुळांपर्यंत एक फेरी मारायची आहे.

चार पत्ते

माणसाला राहण्याचा एक पत्ता पुरतो. किड्याला साधारण चार लागतात.

पहिला पत्ता पाळणाघराचा. फुलपाखराची मादी पानावर उतरली की पुढच्या पायांनी त्यावर टकटक करते. तिच्या पायांना चव कळते. पान लिंबाच्या कुळातलं असेल, म्हणजे लिंबू, कढीपत्ता किंवा बेल, तर ती अंडं घालते. नसेल तर उडून जाते. बाकीची झाडं कितीही हिरवी असली तरी तिच्या पिल्लांच्या दृष्टीने ती भिंतीसारखीच. प्रत्येक जातीचं हे पाळणाघर ठरलेलं असतं. प्लेन टायगरला रुई लागते, कॉमन कॅस्टरला एरंड, कॉमन बॅरनला आंब्याचं पान. हळदीकुंकू नावाच्या देखण्या फुलपाखराला आंब्यावर वाढणारं बांडगूळ हवं असतं. सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढलेला हिरवा अशोक टेल्ड जे या चपळ फुलपाखराला चालतो, म्हणूनच ते भर वस्तीतही दिसतं.

दुसरा पत्ता खानावळीचा. अळी पानं खाते, मोठं फुलपाखरू मध पितं. मधमाशीला मध आणि पराग दोन्ही लागतात, आणि तेही वर्षभर. तिसरा पत्ता पाणवठ्याचा. नर फुलपाखरं ओल्या मातीवर घोळक्याने बसलेली दिसतात ती तिथले क्षार शोषून घेण्यासाठी. चौथा पत्ता आडोशाचा. भुंग्याला वाळका ओंडका किंवा बांबू लागतो, कुंभारमाशीला मातीची भिंत, काजव्याच्या अळीला ओलसर पालापाचोळा. तिथे ती गोगलगायी खाऊन वाढते.

हे चारही पत्ते एकमेकांपासून उडत जाण्याच्या अंतरावर असले पाहिजेत. आग्यामाशी काही किलोमीटर जाऊन परत येते, सातेरी मधमाशी त्याहून कमी, आणि बिनडंखाच्या कोतीची धाव काहीशे मीटरची. काजव्यांच्या काही जातींत तर मादीला पंखच नसतात. म्हणजे आपल्याला रिक्षाचं एक भाडं पडेल एवढं अंतर काही किड्यांना समुद्रासारखं आहे.

जमिनीचा वापर बदलतो तेव्हा या पत्त्यांबाबत चारच गोष्टी घडू शकतात. एखादा पत्ता बंद होतो. पत्त्यांमधलं अंतर वाढतं. त्यांचं वेळापत्रक बिघडतं. किंवा पत्ता तोच राहतो, पण तिथे विष कालवलं जातं. एवढा हिशेब हाताशी ठेवून चालायला लागू.

खाचर: चार महिन्यांचं तळं

मुंबईची उपनगरं मुळात साष्टी बेटाचा भाग. इथे भाताची खाचरं होती, आंबे होते, ताडमाड होते, खाडीकडे मिठागरं होती. १९५० आणि १९५७ या दोन टप्प्यांत थेट दहिसर-मुलुंडपर्यंतचा पट्टा मुंबई महापालिकेत आला आणि पुढच्या काही दशकांत खाचरांवर भराव पडून चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. आज गोराई-मनोरीकडे आणि आरेतल्या आदिवासी पाड्यांवर भाताचे थोडेफार तुकडे उरले आहेत.

खाचराला आपण शेत म्हणतो. किड्यांना ते चार महिन्यांचं उथळ तळं वाटतं. जूनमध्ये पहिलं पाणी साचलं की गेल्या वर्षीचं कुजकं धसकट आणि शेणखत यांवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांच्यावर न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या पोसतात. चिलटं उडायला लागली की कोळी येतात, चतुर आणि टाचण्या येतात, पाण्यावर धावणारे ढेकूण येतात. लावणी होऊन भात जेमतेम उभा राहत असतो. भातावरची कीड अजून आलेलीही नसते, पण तिचे वैरी चिलटं खाऊन आधीच तयार झालेले असतात.

ही साखळी १९९६मध्ये इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या भातशेतीच्या अभ्यासातून नीट पुढे आली. कोळी नि चतुर शेतात येतात ते किडीच्या मागून, असा आधी समज होता. प्रत्यक्षात ते कुजणाऱ्या काडीकचऱ्यावरच्या निरुपद्रवी चिलटांवर वाढून किडीची वाट पाहत असतात. शेतातला राखणदार पोसला जातो तो शेतकऱ्याच्या लेखी कुठल्याच कामाच्या नसलेल्या किड्यांवर.

खाचराला बांध असतो, हेही महत्त्वाचं. बांधावर तूर लावलेली असते, मध्येच भेंडी, कडेला तेरडा, टाकळा, कुर्डू. या फुलांवर बारीक गांधीलमाश्या मध पितात आणि शेतातल्या अळ्यांच्या अंगात अंडी घालतात. म्हणजे बांधावर खानावळ आणि शेतात पाळणाघर, दोन्हींमध्ये पाच पावलांचं अंतर.

यावरून शेती म्हणजे कीटकांचा नाश असं सरसकट म्हणता येत नाही. जंगल तोडून पहिलं खाचर काढलं तेव्हा सावलीतले, जुन्या झाडांच्या सालीत राहणारे किडे तिथून नक्कीच गेले. पण पाण्यातले, गवतातले, उघड्यावरचे आले. लहान खाचरं, बांध, माळ आणि डोंगरउतारावरचं रान असं ठिगळांच्या गोधडीसारखं चित्र असेल तर एकूण जाती भरपूर राहतात. किड्यांना फटका बसतो तो गोधडी जाऊन एकरंगी चादर येते तेव्हा.

पाड्यावरची वाडी

ही गोधडी आजही पाहायची असेल तर आरेतल्या एखाद्या वारली पाड्यावर पावसाळ्यात जावं. घराच्या मागे आंबा, फणस, केळी, बांबू. पुढे काकडी नि शिराळ्याचे वेल. उतारावर भाताचा तुकडा. पलीकडे रान, ज्यातून शेवळं, कंटोळी, भारंगी अशा भाज्या गोळा होऊन गोरेगाव-अंधेरीच्या बाजारात येतात. जुन्या पद्धतीच्या घराला कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली भिंत असते. त्या भिंतीला कुंभारमाशी मातीचे चिमुकले बुधले चिकटवते आणि आत अळ्या कोंबून ठेवते. बांबूत भुंगा पोखरून राहतो. हाच भुंगा वांग्याच्या फुलाला लटकून पंख न हलवता अंग थरथरवतो, तेव्हा फुलातला पराग मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा झडतो. नुसती येऊन बसणारी माशी ते काम करू शकत नाही.

काकडी, दुधी, शिराळं यांत नर आणि मादी फुलं वेगळी असतात, त्यामुळे मधमाशी किंवा पतंग आल्याशिवाय फळ धरत नाही. दुधी आणि पडवळाची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक रात्रीचं आहे. पाड्यावरच्या वेलाला हे कामगार फुकट मिळतात, कारण मागे रान आहे.

रान देतं ते मुख्य म्हणजे वर्षभराचं वेळापत्रक. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर. मग करंज. पावसात तेरडा आणि इतर रानफुलं. आणि दर आठ वर्षांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर जांभळे करणारी कारवी, जी २००८, २०१६ आणि २०२४मध्ये फुलली. एकटं शेत मधमाशीला दहा-पंधरा दिवसांची जत्रा देतं, मग लांबलचक उपास घडवतं. वसाहत उपासात जगत नाही. शेतातली जत्रा संपल्यावर जायला रान असेल, तरच ती पुढच्या जत्रेला हजर राहते.

औषध मारलं की काय होतं

भातावर तपकिरी तुडतुडे ही ओळखीची कीड. ती बुंध्याशी बसून रस शोषते आणि शेतात जळल्यासारखे गोल चट्टे पडतात. साहजिकच हात फवारणीच्या पंपाकडे जातो.

आता क्रम पाहा. फवारा मारला. तुडतुडे मेले, पण त्यांची अंडी पानाच्या आवरणाच्या आत टोचलेली असतात, तिथे औषध पोचत नाही. कोळी, टाचण्या, अंडी शोषणारे ढेकूण मात्र उघड्यावर हिंडत असतात, ते मेले. आठवडाभराने अंडी फुटली. बाहेर आलेल्या पिल्लांना खायला भात आहे आणि खाणारं कोणी नाही. तुडतुडा महिन्याभरात पिढी वाढवतो. कोळ्याला तितकी घाई नाही. दुसऱ्या वेळी कीड पहिल्यापेक्षा जास्त दिसते, शेतकरी पुन्हा पंप उचलतो, आणि दरवेळी जे तुडतुडे औषध पचवून उरतात त्यांचीच संतती पुढे चालते.

इंडोनेशियाने हे देशभर भोगलं. अखेर नोव्हेंबर १९८६मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातले मित्रकिडे ओळखायला शिकवायचा कार्यक्रम हाती घेतला. कीटकनाशक घटलं म्हणून भात बुडाला नाही.

काही औषधं अंगावर पडून मारतात, तर काही झाडाच्या रसातून सगळीकडे भिनतात. बियाण्याला चोळलेलं औषध पुढे फुलाच्या मधात नि परागात उतरतं. म्हणजे संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर फवारा, हा चांगला सल्लाही इथे कामी येत नाही. युरोपीय संघाने २०१८मध्ये अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर थांबवला तो याच चिंतेतून. पत्ता तोच, खानावळ तीच, पण ताटात विष.

एकच गवत आणि धुतलेले गोठे

पाड्यावरून खाली आलं की आरेचे गोठे लागतात. मुंबईत ठिकठिकाणी असलेले म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. जवळजवळ तेराशे हेक्टरचा हा परिसर. म्हशी गोठ्यात बांधलेल्या आणि त्यांच्यासाठी पॅरा गवताची लागवड, हे इथलं ठरलेलं चित्र. बाहेरून आलेलं, ओलाव्यात माजणारं हे गवत.

लांबून पाहिलं तर सगळं हिरवं. पण किड्याच्या नजरेने पाहा. मैलभर एकच पाळणाघर. ज्यांच्या अळ्या गवत खातात अशी काही फुलपाखरं, नाकतोडे आणि तुडतुडे यांची चंगळ. रुईवाले, एरंडवाले, बांडगूळवाले यांना दार बंद. त्यात गवत फुलण्याआधीच कापलं जातं, म्हणजे खानावळही नाही. हिरवेपणा मोजून कीटकांची श्रीमंती कळत नाही, ती अशी. क्रिकेटचं मैदानही हिरवंच असतं.

शेणाचीही तीच तऱ्हा. चरणारं जनावर माळावर पो टाकतं आणि शेणकिडे कामाला लागतात. काही जाती पोच्या आत राहतात, काही खाली बीळ करून शेण जमिनीत नेतात, काही गोळा करून ढकलत नेतात. अनेक जातींना मिळून एक पो पुरतो, आणि माळाला खत मिळतं. बांधलेल्या म्हशींचं शेण मात्र पाण्याच्या झोताने नाल्यात जातं किंवा एका जागी ढीग होऊन सडतं. शेण तेवढंच. पण पसरलेल्या पोंवर जगणाऱ्या शेणकिड्यांचा पत्ता गेला आणि ढिगावर वाढणाऱ्या माश्यांचं फावलं. दहा जातींचं अन्न दोन जातींना मिळालं, की त्या दोन जातींचा उपद्रव होतो.

रुळांकाठचा पालक

आता घाटकोपरकडे. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने रुळांकाठचे भाजीचे मळे पाहिलेले आहेत. रेल्वेने 'ग्रो मोअर फूड' योजनेखाली कर्मचाऱ्यांना लावायला दिलेल्या या पट्ट्यांवर पालक, माठ, मुळा, भेंडी पिकत आली. शहराच्या पोटात एवढी मोकळी माती दुसरीकडे क्वचितच सापडेल.

इथे वेळापत्रकाचा प्रश्न येतो. पालक महिन्या-सव्वा महिन्यात काढतात, वाफा उकरतात, पुन्हा पेरतात. पालेभाजी फुलायच्या आत कापायची असते, म्हणून फुलं नाहीत. ज्या किड्याची पिढी महिन्याहून कमी वेळात पुरी होते तो या चक्रात बसतो. मावा बसतो, पांढरी माशी बसते. त्यांच्यामागे लेडीबर्ड भुंगेरे येतात. पण ज्याला कोशात वर्षभर मातीत पडून राहायचं असतं, जमिनीत बीळ करून अंडी घालायची असतात, त्याचं घर दर महिन्याला कुदळीखाली येतं. कायम न हलणारा कोपरा असावा लागतो, तो इथे जवळपास नाही.

तरी एक गंमत पाहायला मिळते. एखाद्या वाफ्यात बियाण्यासाठी मुळा राखलेला असतो. त्याला फिकट जांभळट-पांढरी फुलं आली की माश्या, पिवळी-काळी सिरफिड माशी कुठून तरी हजर होतात. सिरफिड माशी मध पिते आणि तिची अळी मावा खाते. वितभर मुळा फुलू दिला की शेजारच्या भेंडीची राखण होते.

डासांचं फावलं

वाफे संपून काँक्रीट सुरू झालं की किडे संपतात, असं वाटतं. तसं होत नाही. जाती घटतात, पण उरलेल्या काहींची संख्या बेसुमार वाढते. उपनगरवासीयांना हा नियम डासांनी शिकवला आहे.

तळ्यात किंवा खाचरात डासाच्या अळीला चतुराची अळी, पाणढेकूण, मासे, बेडूक खातात. गच्चीवरच्या उघड्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, नारळाच्या करवंटीत यांपैकी कोणी नसतं. डासाला आठ-दहा दिवसांचं साचलेलं पाणी पुरतं. चतुराच्या अळीला बहुधा त्याहून बराच जास्त काळ लागतो. म्हणजे ज्या पाण्यात डास वाढू शकतो, त्यात त्याचा वैरी वाढू शकत नाही. मुंबईला ही गोष्ट जुनी आहे. १९११मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला तेव्हा बोट शहरातल्या विहिरींकडे गेलं होतं, कारण ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. पुढे विहिरी झाकल्या, बुजवल्या. डास टाक्यांत गेला.

मग संध्याकाळी धुराचं यंत्र येतं. साथीच्या वेळी त्याची गरज पडतेच. पण धूर डास आणि पतंग ओळखत नाही, आणि पाण्यातल्या अळीपर्यंत तो पोचतही नाही. भातावरच्या फवाऱ्याचीच ही शहरी आवृत्ती. टाकी झाकणं आणि ताटली उपडी करणं जास्त नेमकं, कारण त्याने एकट्या डासाचाच पत्ता बंद होतो.

उजेडाचंही तसंच. पांढऱ्या प्रखर दिव्याभोवती पतंग रात्रभर घिरट्या घालतात आणि दुधीच्या फुलाकडे जायचे राहून जातात. काजव्याची चमक तर जोडीदाराला बोलावण्यासाठी असते. पावसाच्या तोंडावर राष्ट्रीय उद्यानात आणि आरेत काजवे दिसतात ते अंधार अजून शिल्लक आहे तिथे. दिव्याखाली ती हाक कोणाला दिसत नाही.

कुंपणापलीकडे काय आहे

आता सगळा हिशेब एकत्र मांडू. २०२२मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी जगभरातल्या सुमारे सहा हजार ठिकाणांहून, जवळजवळ अठरा हजार कीटकजातींची माहिती जुळवली. जिथे सघन शेती आणि हवामानाची तापवाढ दोन्ही होती, तिथे नैसर्गिक जागांच्या तुलनेत कीटकांची संख्या सरासरी ४९ टक्क्यांनी आणि जाती २७ टक्क्यांनी कमी भरल्या. पण खरा लक्षात ठेवायचा आकडा पुढचा आहे. सौम्य पद्धतीच्या शेतीजवळ तीन चतुर्थांश भाग नैसर्गिक असेल तर संख्या फक्त ७ टक्के घटली. तोच भाग एक चतुर्थांश असेल तर ६३ टक्के. शेत तसंच, ऊन तसंच. फरक शेजाराचा.

शेजार उलटाही भोवतो. जर्मनीत क्रेफेल्ड इथल्या हौशी कीटक-अभ्यासकांनी २७ वर्षं ६३ संरक्षित जागांवर सापळे लावून उडत्या कीटकांचं वजन केलं. २०१७मध्ये निष्कर्ष आला की ते तीन चतुर्थांशाहून अधिक घटलं आहे. या जागा राखीव होत्या, पण बहुतेक सघन शेतीने वेढलेल्या. कारण नेमकं सिद्ध झालेलं नसलं तरी संशय त्या वेढ्यावर आहे. म्हणजे कुंपण घालून रान राखलं तरी कुंपणापलीकडचं आत येतं.

आपल्याकडचा शेजार दाखवणारं एक उदाहरण उद्यानाच्या ठाण्याकडच्या अंगाला आहे. घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर या शिक्षकाने घरच्या सुमारे दोन एकर जमिनीवर फुलपाखरांच्या अळ्यांना लागणारी झाडं आणि मधाची फुलं लावली. ओवळेकर वाडीत शंभराहून अधिक जातींची फुलपाखरं नोंदली गेली. त्यांनी फुलपाखरं आणून सोडली नाहीत. चार पत्ते जवळजवळ मांडले आणि दार उघडं ठेवलं. पाहुणे आले, कारण उद्यानाचं येऊरचं जंगल हाकेच्या अंतरावर आहे. हीच बाग चहूकडून डांबराने वेढलेली असती तर फुलं तेवढीच फुलली असती, जाती मात्र कमी दिसल्या असत्या.

म्हणूनच आरेचं मोल केवळ तिथे किती झाडं आहेत यावर ठरत नाही. एका बाजूला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला गोरेगाव-अंधेरीच्या इमारती, आणि मध्ये हा पाडे, गवत, तळी, जुनी झाडं यांचा जिना. ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली तेव्हा चर्चा झाडांच्या आकड्यावर आणि बदली रोपांवर झाली. रोप लावता येतं. पण जुन्या झाडाची सुटलेली साल, ढोलीतला भुसा, वाळकी फांदी आणि खालची वर्षानुवर्षांची पानं रोपाबरोबर येत नाहीत. किड्यांचा आडोसा त्यातच असतो. शिवाय जिन्याची मधली पायरी काढली की वरच्या आणि खालच्या पायऱ्या शाबूत असूनही चढता येत नाही.

गच्चीवरचा हिशेब

जमीन आपल्या हातात नसते, कुंडी असते. ती पायरी होऊ शकते. लिंबू, कढीपत्ता, सोनचाफा लावला की पाळणाघर झालं. तुळस, मुळा, धणे यांतलं एखादं मुद्दाम फुलू दिलं की खानावळ. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात वाळका ओंडका आणि पालापाचोळा झाडून न टाकता राहू दिला की आडोसा. कुंपणाबाहेरची रुई, टाकळा, एरंड उपटण्याआधी एकदा पानाची मागची बाजू पाहावी. रात्री गच्चीवरचा दिवा मालवला तर वीजही वाचते. नुसती रंगीत, मधाची फुलं लावून भागत नाही, हे टणटणीने दाखवलंच आहे. तिच्यावर फुलपाखरांची गर्दी असते, पण ती वाढत जाऊन ज्यांच्या पानांवर अळ्या जगतात अशी देशी झाडं दाबते. खानावळ मोठी होते आणि पाळणाघर बंद पडतं.

पुन्हा त्या खराटा झालेल्या कढीपत्त्यापाशी येऊ. अळी गेली ती मेली नाही. ग्रिलच्या मागे किंवा भिंतीच्या कडेला कमरेला एक धागा बांधून ती कोश होऊन बसलेली असेल. आठ-दहा दिवसांनी तिथून फुलपाखरू निघेल, आणि तोवर कुंडीला नवी पालवी येईल.

कोणतं फुलपाखरू, हे मात्र आधी सांगता येत नाही. लिंबाच्याच कुळावर वाढणाऱ्या नीलवंताची, म्हणजे २०१५मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लहानपणी अशीच शीट बनून बसते. लिंबू-फुलपाखरू उघड्यावरचं, लांब भटकणारं. ते भर बाजारातल्या खिडकीतही येईल. नीलवंताला मात्र जवळपास दाट झाडीची सावली लागते. कुंडी दोघांनाही चालते. कोशातून काळे-निळे मखमली पंख बाहेर येतील की पिवळट ठिपक्यांचे, ते खिडकीच्या आत ठरत नाही, बाहेर झाडी किती जवळ आहे त्यावर ठरतं.